आईचा रक्तदाब आणि घराचे वेळापत्रक

गोळ्या चालू असूनही ५४ वर्षांच्या आईचा रक्तदाब उतरत नाही, ती फिरायलाही जात नाही, मग हा तिचा हलगर्जीपणा समजावा का, असे आपण विचारले आहे. मुंबईतल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात मी २६ वर्षे परिचारिका होते. त्या अनुभवावरून सांगते, दोष देण्यापूर्वी तिचा दिवस पाहा.

पहाटे पाचला पाणी भरायचे, डबे करायचे, गोवंडीहून लोकल गाठायची आणि रात्री अकराला सगळे आवरल्यावर पाठ टेकायची, हे आपणच लिहिले आहे. अपुऱ्या झोपेने रक्तदाब वाढतो. त्यातून घर हमरस्त्याला लागून. धुरातले सूक्ष्म कण फुफ्फुसांवाटे शरीरात दाह निर्माण करतात आणि रक्तवाहिन्या कडक होत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठेवली. आपल्याकडील मर्यादा ४० आहे. अशा रस्त्याकडेला ऐन गर्दीच्या वेळी तिला फिरायला लावू नका. आतले मैदान शोधा.

जबडा आणि पाठ दुखते, मळमळते म्हणून आलेल्या एक बाई मला आजही आठवतात. दोन दिवस त्यांनी ते पित्त समजून अंगावर काढले होते. ईसीजीची पट्टी निघत असताना डब्याची पिशवी उशाशी धरून त्या म्हणत होत्या, "सहाला पाणी येईल, मला सोडा." तो हृदयविकाराचा झटका होता. अंगावर काढणे याला आपण बायकांचा स्वभाव म्हणतो. मला तर त्यामागे, आपण आडवे झालो तर घर अडेल, ही भीतीच दिसत आली आहे.

गरोदरपणी तिला रक्तदाब किंवा साखरेचा त्रास झाला होता का, पाळी कधी थांबली, हे विचारून डॉक्टरांना सांगा. गरोदरपणातल्या या त्रासांमुळे पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. मशेरीचेही विचारा, पण रागावून नको. तिच्यातील तंबाखूनेही रक्तदाब वाढतो. छातीत दाब, धाप, दरदरून घाम किंवा जबड्यात कळ आली, तर सोडा पाजत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. गोळ्यांचा डोस मात्र डॉक्टरांनीच बदलायचा आहे.

आणि पहाटेचे पाणी उद्यापासून आपण किंवा वडिलांनी भरावे. तो एक तास तिला झोपू द्या.