जांभळा रंग आला नाही, म्हणजे संकेतरेणू नाहीतच का?

प्रश्न : हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतून मिळालेले जिवाणू एलबी अगरवर (जिवाणू वाढवण्याचे घट्ट माध्यम) सीव्ही०२६ या चाचणी-जिवाणूशेजारी रेघले. दोन दिवसांनीही जांभळा रंग नाही. ते एएचएल (जिवाणू एकमेकांना संकेत देतात ते रेणू) बनवत नाहीत, असे प्रबंधात लिहू का?
– एम. एस्सी. विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : इतक्यात लिहू नका. सीव्ही०२६ हा क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमचा असा वाण आहे, की तो स्वतः एएचएल बनवत नाही, बाहेरून मिळाले तरच जांभळे व्हायोलेसिन तयार करतो. पण त्याला कळतात ते आखूड साखळीचे रेणू, साधारण ४ ते ८ कार्बनचे. गाठींतले बरेच जिवाणू लांब साखळीचे बनवतात, आणि १० ते १४ कार्बनचे रेणू रंग आणणे सोडाच, आलेला रंगही अडवतात.

तेव्हा उलटी चाचणी लावा. मऊ अगरमध्ये सीव्ही०२६ सोबत सी-६ एचएसएल (६ कार्बनचे एएचएल) मिसळून प्लेटवर ओता. प्रमाण आधी ठरवून घ्या : सगळी प्लेट जेमतेम जांभळी होईल एवढेच, जास्त झाले तर अडथळा दिसत नाही. तुमच्या जिवाणूभोवती पांढरे कडे आले आणि त्यात सीव्ही०२६ वाढलेला असेल, तर लांब साखळीचा संशय घ्या. संशयच, कारण एएचएल तोडणारे बॅसिलससारखे जिवाणूही असेच कडे देतात. खात्रीसाठी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम एनटीएल४ (पीझेडएलआर४) हा दुसरा चाचणी-वाण आणि निळा रंग देणारे एक्स-गॅल वापरा. निळा रंग लांब साखळीलाही येतो, मात्र ४ कार्बनचा रेणू त्याला नीट कळत नाही. म्हणून दोन्ही वाण हवेत.

आता प्लेटकडे बघा. रायझोबियाला, म्हणजे गाठींतल्या जिवाणूंना, एलबी फारसे मानवत नाही. ते आधी दोन-तीन दिवस वाढू द्या, मग सेंटिमीटरभर अंतरावर सीव्ही०२६ रेघा. कॅनामायसिन हे प्रतिजैविक फक्त सीव्ही०२६ जपण्याच्या प्लेटमध्ये घाला; चाचणीत घातले तर तुमचेच जिवाणू मरतील. एलबीत वाढ होताना पीएच चढतो, अल्कलीत एएचएलच्या रेणूतले लॅक्टोनचे कडे उघडते आणि रेणू निकामी होतो. ५० मिलिमोलर मॉप्स (पीएच स्थिर धरणारे बफर) घालून पीएच ६.८ च्या आसपास धरा. तापमान २८ ते ३०. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकते, आणि साधा इनक्युबेटर तापवतो, थंड करत नाही. बीओडी इनक्युबेटर लागेल. शेजारी व्हायोलेसियमचा मूळ रंगीत वाण ठेवाच. तोही रंग आणत नसेल, तर दोष प्लेटचा.

प्रश्न : जिवाणू वाढवलेल्या द्रवातून एथिल अ‍ॅसिटेट या द्रावकाने काढलेला अर्क अगरमधल्या विहिरीत (छिद्रात) टाकला, तर भोवती सीव्ही०२६ वाढलाच नाही.
– वाचक, नांदेड

उत्तर : त्याला एथिल अ‍ॅसिटेटनेच मारले असणार. पॉलिस्टायरीनच्या प्लेटलाही ते खाते. ०.१ टक्का अ‍ॅसिटिक आम्ल घातलेल्या द्रवाइतक्याच आकारमानाच्या एथिल अ‍ॅसिटेटने अर्क तीनदा काढा, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा, ४० अंशांखाली काचेच्या नळीत उडवून टाका, मग थोड्या मेथॅनॉलमध्ये विरघळवा. विहिरीत २० मायक्रोलिटर घालून झाकण उघडे ठेवून मेथॅनॉल उडू द्या. एका विहिरीत नुसते मेथॅनॉल घाला. तिथे वाढ आहे आणि अर्काभोवती नाही, असे झाले तर अर्कात प्रतिजैविक आहे; मग तो दहापट, शंभरपट पातळ करून पुन्हा लावा.