कामिनो रेआल पाहायचा तर आधी पाणी शोधा

कामिनो रेआल, म्हणजे मेक्सिको सिटी ते सांता फे हा जुना स्पॅनिश राजमार्ग, अभ्यासायला घेताय, तर गावांच्या यादीत अडकू नका. आधी नकाशावर रिओ ग्रांदे नदी धरा आणि वाट तिला सोडते कुठे ते बघा. आजच्या अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात काबायो आणि फ्राय क्रिस्तोबाल डोंगरांमुळे नदीकाठाने गाड्या नेणं अवघड, म्हणून वाट पूर्वेच्या कोरड्या माळावर वळली. हीच होर्नादा देल मुएर्तो. सुमारे १४५ किलोमीटर, पाणी जवळपास नाहीच. १५९८ मध्ये वसाहत करायला निघालेल्या स्पॅनिश म्होरक्या हुआन दे ओन्यातेची मंडळी इथे तहानेने कासावीस झालेली असताना एक कुत्रं चिखलाने माखलेले पाय घेऊन परतलं, आणि त्यावरून जवळची डबकी सापडली. पुढे तिथे प्रवाशांचा मुक्काम पडू लागला. असे तपशील वहीत जरूर टिपा.

वसाहतीबद्दल वाचताना एक भान मात्र हवंच. आजच्या सोकोरो गावाजवळ पीरो या मूळ रहिवासी लोकांनी ओन्यातेच्या काफिल्याला मका दिला. त्यांची गावं आधीपासूनच नांदती होती. ओन्यातेने पहिलं ठाणंही ओके ओविंगे या प्युब्लोतच, म्हणजे मूळ रहिवाशांच्या गावातच, टाकलं. सांता फे नंतरचं, १६१०च्या आसपासचं. प्रत्यक्ष जाणार असाल तर होर्नादातल्या पॉइंट ऑफ रॉक्स या खडकाळ टेकड्यांपाशी थांबा, उन्हाळा टाळा आणि पाणी भरपूर न्या.