नव्या आशाताईला: फोन पिशवीत असू दे, आधी बाळाकडे बघ

अगं, आशा स्वयंसेविका म्हणून घरोघरी आरोग्य बघायला जाशील, तेव्हा घरात शिरल्या शिरल्या फोन काढून बसू नकोस. मान खाली घालून बोटं चालवणाऱ्या बाईला कुणी मनातलं सांगत नाही. आधी बाळ बघ, मग नोंदी.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आपण बाळाच्या घरी जायचं असतं. जन्मतारीख कळली की तिथंच उभ्या उभ्या सहाही गजर लावून टाक. श्वास मोजायलाही फोनच घे: बाळ शांत असताना पोटावरचं झबलं वर कर आणि पूर्ण एक मिनिट मोज. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोज. तेवढेच आले तर थांबू नकोस, 108 लाव.

नंबर कुणाचा, हे विचारच. बाणगंगेकडच्या एका घरी मी लसीचा निरोप पाठवत राहिले आणि फोन नवऱ्याच्या खिशात, तो दिवसभर कामावर. लस महिनाभर लांबली. आजही जिवाला लागतं ते. आता शेजारणीचा नंबरही घेते, पण आईला विचारून. वाचता न येणाऱ्यांना हिंदीत आवाज रेकॉर्ड करून पाठवते.

क्षयाच्या रुग्णाचं नाव, फोटो ग्रुपवर कधीच टाकायचं नाही. एका मुलीचं लग्न मोडताना पाहिलंय मी.

आणि वही सोडू नकोस. बॅटरी नेमकी दुपारीच संपते.