वाचकांचे प्रश्न : परदेशी श्रोते आणि स्वतंत्र रॉक बँड

प्रश्न : माझा मुलगा आणि त्याचे तीन मित्र पुण्यात रॉक बँड चालवतात. कोणत्याही कंपनीशी त्यांचा करार नाही. त्यांची गाणी पोलंड, ब्राझील आणि जपानमध्ये ऐकली जातात, असे आकडे दिसतात. परंतु नव्या अल्बमची बातमी समाजमाध्यमांवर टाकली की ती त्या श्रोत्यांपैकी फारच थोड्यांपर्यंत पोचते. मॅरिलियन या इंग्लिश बँडने चाहत्यांच्या बळावर अल्बम काढले, असे वाचले. ते नेमके कसे जमले आणि त्यातून या मुलांना काय घेता येईल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मॅरिलियनचे उदाहरण आपण योग्य निवडले आहे, मात्र त्याची पार्श्वभूमी आधी ध्यानात घ्यावी. या बँडला मोठ्या कंपनीचे पाठबळ दीर्घकाळ लाभले होते आणि १९८५ साली त्यांचा अल्बम ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला होता. पुढे १९९०च्या दशकाच्या मध्यास ईएमआय या संगीत कंपनीशी त्यांचा करार संपला, तेव्हा उत्पन्न आटले तरी जगभर विखुरलेले निष्ठावान श्रोते उरले होते. आपल्या मुलाच्या बँडला हे भांडवल शून्यातून उभे करायचे आहे. म्हणून त्यांचे यश डोळ्यांसमोर न ठेवता त्यांनी श्रोत्यांना बातमी कशी दिली, एवढेच पाहावे.

१९९७ साली नवा अल्बम आला, पण उत्तर अमेरिकेचा दौरा करण्याइतका पैसा बँडकडे नव्हता आणि नवी, लहान कंपनी तो खर्च उचलणार नव्हती. कीबोर्डवादक मार्क केली चाहत्यांच्या ईमेल-गटात स्वतः लिहीत असत. दौरा का होणार नाही, हे त्यांनी तिथे आकड्यांसह सरळ सांगितले. त्यावर अमेरिकेतील चाहत्यांनीच निधी उभारण्याची कल्पना मांडली, व्यवस्थाही स्वतःच सांभाळली आणि सुमारे ६० हजार डॉलर जमा केले. दौरा झाला. निधी देणाऱ्यांनी मैफलीची तिकिटेही वेगळे पैसे देऊन काढली. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती पहिली पायरी : वाईट बातमी बँडच्या माणसाने, स्वतःच्या नावाने आणि कारणासहित दिली. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ अशा शब्दांत ती आली असती, तर कोणी खिशात हात घातला असता असे मला वाटत नाही.

या अनुभवावरून बँडने ओळखले की आपले श्रोते कोण आणि कुठे आहेत, हे आपल्याजवळच नोंदलेले हवे. पुढे २००१च्या अल्बमसाठी त्यांनी त्या यादीतील लोकांनाच विचारले, की रेकॉर्डिंग सुरू होण्यापूर्वी आपण अल्बमचे पैसे भराल का? १२ हजारांहून अधिक जणांनी भरले. ईएमआयशी पुन्हा करार झाला, पण या वेळी वितरणापुरता. गाण्यांची मालकी बँडकडेच राहिली. २००८ मध्ये तर त्यांनी आपला नवा अल्बम इंटरनेटवरून गाणी फुकट उतरवून घेणाऱ्यांच्या जाळ्यावर स्वतःच सोडला. ती फाईल उघडली की बँडच्या सदस्यांचा चित्रफितीतील निरोप दिसे. त्यात ओरडा नव्हता. ‘ऐकत आहात, तर आपला ईमेल पत्ता द्या’ अशी विनंती होती. चोरून ऐकणाऱ्यालाही यादीत आणण्याची ही दृष्टी मला थोर वाटते.

तेव्हा मुलांनी पहिले काम करावे ते ईमेल-यादीचे. समाजमाध्यमांवरील अनुयायी ते माध्यम चालवणाऱ्या कंपनीच्या हाती असतात. कोणाला काय दिसावे हे ती ठरवते आणि तिचे नियम एका रात्रीत बदलतात. गाणी विकण्यासाठी बँडकॅम्पसारखे संकेतस्थळ निवडले, तर विकत घेणारा श्रोता संमती देऊन आपला पत्ता बँडला देऊ शकतो. अशी दोनशे नावे मला वीस हजार अनुयायांपेक्षा अधिक भरवशाची वाटतात.

या यादीला पत्र महिन्यातून एकदा जावे, आणि सांगण्यासारखे काही नसेल तर जाऊही नये. पहिल्याच परिच्छेदात बातमी असावी : अल्बम कोणत्या तारखेला येणार, कुठे मिळणार, किती किमतीला. थेट प्रक्षेपण असेल, तर भारतीय वेळेसोबत जागतिक प्रमाणवेळही द्यावी, कारण आपल्याकडील रात्रीचे नऊ म्हणजे साओ पावलोत दुपारचे साडेबारा आणि टोकियोत मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. इंग्रजी साधे, लहान वाक्यांचे असावे; पोलंडमधील वाचकाचीही ती मातृभाषा नाही. गाणे मराठी असेल, तर त्याचा भावार्थ दोन परिच्छेदांत अवश्य द्यावा. परदेशी श्रोत्याला इतरत्र न मिळणारी ती एकच गोष्ट आहे, आणि मुलांनी तिच्यावर वेळ खर्च करावा असे मी आग्रहाने सांगेन. सुरांवर भाळलेल्या माणसाला शब्दांत काय आहे हे जाणून घ्यायचेच असते.

प्रश्न : अल्बम तयार होण्यापूर्वी श्रोत्यांकडून पैसे घेणे मला मागून खाण्यासारखे वाटते. यात कमीपणा नाही का?
— एक गायिका, नाशिक

उत्तर : मला तसे वाटत नाही. आपल्याकडे मोठे ग्रंथ प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ नोंदवण्याची रीत आहेच, आणि जुन्या मराठी ग्रंथांत आश्रयदात्यांची यादी मानाने छापली जाई. मॅरिलियननेही मुदतीत पैसे भरणाऱ्यांची नावे अल्बमसोबतच्या पुस्तिकेत छापली. बारीक अक्षरांतील त्या रांगांत आपले नाव शोधणारा श्रोता स्वतःला ग्राहक म्हणणार नाही.

कमीपणा येतो तो हिशेब न दिल्याने. किती रक्कम हवी, ती कशावर खर्च होणार आणि काम रखडले तर काय, हे पैसे घेण्यापूर्वी लिहून द्यावे. उशीर झाला, तर तो श्रोत्यांच्या लक्षात येण्याआधी आपणच कळवावा. पैसे कोणाच्या खात्यात राहतात, हेही तपासावे. प्लेजम्युझिक या मध्यस्थ कंपनीमार्फत मॅरिलियनचा २०१६चा अल्बम यशस्वी झाला आणि ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेला. तीच कंपनी २०१९ मध्ये बुडाली, तेव्हा अनेक कलावंतांचे, चाहत्यांनी भरलेले पैसे अडकले. त्या चाहत्यांना उत्तर देण्याची वेळ कलावंतांवर आली, कारण चाहत्यांनी विश्वास कलावंतांवर टाकला होता.

प्रश्न : जर्मनीतील एका चाहत्याने आमचा टी-शर्ट मागवला, पण कर भरावा लागेल म्हणून पार्सल नाकारले. चूक कोणाची?
— एक ढोलकीवादक, कोल्हापूर

उत्तर : नियमाची माहिती आधी मिळाली नाही, एवढेच. युरोपीय संघाने २२ युरोंपर्यंतच्या वस्तूंना असलेली करसवलत जुलै २०२१ पासून रद्द केली, त्यामुळे लहान पार्सलावरही मूल्यवर्धित कर लागतो आणि टपाल खाते बहुधा हाताळणीचे शुल्कही घेते. अमेरिकेनेही ८०० डॉलरपर्यंतची सूट ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली. वस्तूच्या किमतीखालीच ‘आपल्या देशात कर व शुल्क द्यावे लागू शकते’ असे ठळक लिहावे आणि टपालखर्च वेगळा दाखवावा. एकाच शहरातील चार-पाच चाहत्यांनी मिळून मागणी नोंदवली, तर टपालखर्च वाटला जातो; चाहत्यांना पाठवायच्या पुढच्या पत्रात तसे सुचवून पाहावे.