मोजपट्टी खाली ठेव

प्रिय मुली,

तू पाठवलेला हाताचा फोटो आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं ०.९४ हे तर्जनी आणि अनामिकेच्या लांबीचं गुणोत्तर पाहिलं. टेस्टोस्टेरॉन या 'पुरुषी' म्हटल्या जाणाऱ्या हार्मोनचा रिपोर्टही पाहिला. खाली तुझा प्रश्न : मुली आवडतात, केस बारीक ठेवते, शर्ट-पँटमध्येच बरं वाटतं, हे आईच्या पोटातच ठरलं का?

गटाची सरासरी म्हणजे तू नव्हेस. कंटाळलीस तरी हे पुन्हा म्हणणार आहे.

आधी बोटं. गर्भात असं हार्मोन जास्त मिळालं तर हे गुणोत्तर कमी येतं, असं मानतात; म्हणून तू मोजलंस. फोटोवरून मोजलंस तिथेच चुकलीस. तळहाताच्या बाजूने मोजायचं. बोटाच्या मुळाशी दोन घड्या असतील तर तळव्याकडची धरायची, तिच्या मध्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, नख सोडून, व्हर्नियर कॅलिपरने (बारीक लांबी मोजायच्या उपकरणाने), दोनदा. मग तर्जनी भागिले अनामिका. अनामिका ७० मिलिमीटर असेल तर तर्जनीत १ मिलिमीटरची चूक गुणोत्तर ०.०१४ ने हलवते. लेस्बियन आणि भिन्नलिंगी, म्हणजे पुरुष आवडणाऱ्या, स्त्रियांच्या सरासरीतला फरक जेमतेम ०.०१ च्या घरात आहे. म्हणजे मोजण्यातली चूकच त्याहून मोठी! २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा उजव्या हाताचा फरक प्रमाण विचलनाच्या, म्हणजे माणसामाणसांत एरवीच असणाऱ्या चढउताराच्या मापाच्या, ०.२९ पट भरला. एक लेस्बियन, एक भिन्नलिंगी अशा १०० जोड्या लावल्या तर साधारण ५८ जोड्यांत लेस्बियन स्त्रीचं गुणोत्तर कमी निघेल आणि ४२ मध्ये उलट. नुसतं नाणं उडवलं तरी ५० मिळतात.

गर्भातल्या हार्मोन्सचा परिणाम खोटा आहे असं मात्र समजू नकोस. कन्जेनिटल ॲड्रिनल हायपरप्लासिया या जन्मजात आजारात बहुधा २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम कमी पडतं आणि मुलीच्या गर्भाला अँड्रोजन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोन्स, जास्त मिळतात. या मुली लहानपणी गाड्या आणि जोडणीचे खेळ जास्त खेळतात, हे वारंवार दिसलंय. मोठेपणी स्त्रियांविषयीचं आकर्षणही इतर बायकांपेक्षा अधिक आढळतं, आजार तीव्र असेल तर आणखी. तरीही त्यांतल्या बहुतेकींना पुरुषच आवडतात आणि बहुतेकजणी स्वतःला स्त्रीच मानतात. खेळ पुष्कळ हलला, लैंगिक कल (कोण आवडतं ते) थोडा हलला, स्वतःची ओळख त्याहून कमी. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तू केस आणि मुली एकाच वाक्यात गुंफल्यास. २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात तर बोटांचा फरक लेस्बियन स्त्रियांमध्येच आपसांत दिसला : स्वतःला 'बुच' (पुरुषी धाटणीच्या) म्हणवणाऱ्यांचं गुणोत्तर 'फेम' (बायकी धाटणीच्या) म्हणवणाऱ्यांपेक्षा कमी. तिथेही सरासरीच. तू नव्हेस.

रक्ताच्या रिपोर्टचं काय? आज रक्तात किती टेस्टोस्टेरॉन आहे यावरून गर्भात किती होतं हे कळत नाही. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तपासणीला अर्थ आहे : पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सकाळी १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (वर सांगितलेला आजार ओळखायची रक्ततपासणी), आणि पीसीओएस या अंडाशयाशी निगडित हार्मोन-विकाराचा विचार. ती तपासणी पाळीसाठी आणि तब्येतीसाठी. मनासाठी नव्हे.

कडक बोलते म्हणून रागावू नकोस. 'असेलही हार्मोन्समुळे' असा अर्धा होकार दिला की घरचे त्यावर इलाज शोधायला निघतात. म्हणून तो मी देत नाही, आणि कुणाला कधीच द्यायला नको होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कल बदलण्याचे असले 'उपचार' डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. कुणी इंजेक्शन किंवा गोळी सुचवली तर उठून बाहेर ये.

आणि आईने विचारलं, 'गरोदरपणात माझंच काही चुकलं का गं?' तर तिला गुणोत्तरं सांगत बसू नकोस. नाही, म्हण, आणि तिच्याजवळ बस.

तुझी,
ताई