अनोळखी नंबर कुठून येतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : फोनची एकच रिंग वाजली आणि कट झाला, नंबर +१ ८७६ ने सुरू होणारा. +१ म्हणजे अमेरिका ना? ओळखीचं तिथे कुणीच नाही, परत फोन लावून बघू का?

उत्तर : नका लावू. +१ म्हणजे नुसती अमेरिका नाही, अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधले बरेचसे देश मिळून हा एकच कोड वापरतात, आणि त्यातला नेमका कोण हे पुढच्या तीन आकड्यांवरून कळतं. ८७६ हा जमैकाचा. ८०९ डॉमिनिकन रिपब्लिकचा, ४७३ ग्रेनेडाचा, २८४ ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचा. खुद्द अमेरिकेतली माणसंही यात फसतात कारण त्यांना तो नंबर आपल्याच देशातला, दुसऱ्या कुठल्यातरी राज्यातला वाटतो, दिसायला तसाच दहा आकडी असतो ना, आणि परत फोन लावला की बिल मात्र परदेशी कॉलचं येतं.

एक रिंग देऊन कट करायच्या या प्रकाराला वांगिरी म्हणतात, नाव जपानमधून आलंय. तुम्ही उलट फोन करावा एवढंच त्यांना हवं असतं. तो कॉल महागड्या नंबरवर जातो, त्यातला काही वाटा नंबर चालवणाऱ्याला मिळतो, म्हणून मग तुम्हाला लाइनवर धरून ठेवायला कधी गाणं लावतात, कधी रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकवतात. ज्याचं खरंच काम असेल तो परत करेल की फोन, नाहीतर मेसेज टाकेल.

प्रश्न : हे कोड ठरवतं कोण? काही पद्धत आहे का, की जो शिल्लक असेल तो दिला?

उत्तर : पद्धत आहे आणि ती फार सुंदर आहे, एकदा समजली की नंबर बघायची नजरच बदलते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. देशांचे कोड आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ म्हणजे आयटीयू ठरवतो आणि ई.१६४ नावाच्या त्यांच्या नियमाप्रमाणे देशाचा कोड धरून पूर्ण नंबर १५ आकड्यांच्या वर जाऊच शकत नाही. पहिला आकडा जगाचा भाग सांगतो : १ उत्तर अमेरिका, २ मुख्यतः आफ्रिका, ३ आणि ४ युरोप, ५ लॅटिन अमेरिका, ६ आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा भाग, ७ रशिया आणि कझाकस्तान, ८ पूर्व आशिया, ९ दक्षिण आणि पश्चिम आशिया. म्हणजे +६२ इंडोनेशिया, +८४ व्हिएतनाम, +९२ पाकिस्तान, +९७१ संयुक्त अरब अमिरात.

आता यातली गंमत बघा. एक्स्चेंज नंबर डावीकडून एकेक आकडा वाचत जातं, त्यामुळे कुठल्याही देशाचा कोड दुसऱ्या देशाच्या कोडची सुरुवात असून चालत नाही, नाहीतर कुठे थांबायचं ते मशीनला कळणारच नाही. ९१ भारताला दिला की ९१० पासून ९१९ पर्यंत दुसऱ्या कुणाला देता येत नाही. ९७ मात्र कुठल्याच देशाला दिलेला नाही, म्हणून ९७१, ९७२, ९७७ असे वेगवेगळ्या देशांना वाटता आले. देशाच्या आत गावागावांचे कोड पाडताना पण हाच नियम.

मोठ्या गावाला कोड कुठला द्यायचा याचीही कारणं असायची. अमेरिकेत १९४७ साली पहिले ८६ एरिया कोड ठरले तेव्हा फोनला फिरवायची तबकडी होती आणि प्रत्येक आकड्याला तेवढे ठोके पडायचे, १ ला एक, ९ ला नऊ, शून्याला दहा. मग जिथे जास्त फोन जाणार तिथला कोड पटकन फिरायला नको का? म्हणून न्यूयॉर्कला २१२ मिळाला, फक्त पाच ठोके. शिकागोला ३१२, लॉस एंजेलिसला २१३, दोन्ही सहा. अलास्काचा ९०७ नंतरचा, त्याला सव्वीस ठोके! तेव्हा मधला आकडा ० किंवा १ च असायचा, तो बघूनच मशीनला कळायचं की हा लांबचा कॉल आहे. पुढे कोड संपत आले आणि १९९५ पासून मधे दुसरे आकडे पण यायला लागले.

भारतात हिशोब वेगळा. इथे एसटीडी कोड आणि लोकल नंबर मिळून दहा आकडे व्हायलाच हवेत, म्हणून मुंबईचा कोड २२ आणि पुढे आठ आकडे, नागपूरचा ७१२ आणि पुढे सात, साताऱ्याचा २१६२ आणि पुढे सहा. जेवढे फोन जास्त तेवढा कोड छोटा. सुरुवातीला जो शून्य लावतो तो कोडचा भाग नाहीच, लांबचा कॉल आहे एवढंच तो एक्स्चेंजला सांगतो, म्हणून परदेशातून लावताना गाळतात. ब्रिटनमध्ये पण तसंच, लंडनचा ०२० बाहेरून +४४ २० होतो. इटलीत मात्र लँडलाइनचा शून्य ठेवावा लागतो, रोमचा नंबर +३९ ०६ असाच दिसतो.

जाता जाता एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. स्क्रीनवर +९१ ८० असं दिसलं की बरेच जण मोबाइल समजतात, पण ८० हा बेंगळुरूचाही कोड आहे. ८० च्या पुढचा आकडा बघा, २ किंवा ४ असेल तर बहुतेक वेळा तो लँडलाइन निघतो.

प्रश्न : मोबाइल नंबरच्या कोडवरून माणूस आत्ता कुठे आहे ते कळतं का?

उत्तर : नाही. नंबर कुठे दिला गेला एवढंच कळतं. अमेरिकेत मोबाइलला वेगळी सीरिज नसते, लँडलाइनचेच एरिया कोड मिळतात आणि माणूस घर बदलून देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी नंबर तोच राहतो. भारतात २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करता येतो, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येते, आणि २०१५ पासून दुसऱ्या सर्कलमध्ये, म्हणजे फोनसाठी पाडलेल्या दुसऱ्या विभागात जातानाही, त्यामुळे सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी नि राज्य ओळखायचे जुने तक्ते आता भरवशाचे राहिले नाहीत. त्यात इंटरनेटवरून चालणारे फोन आले, कुठेही बसून कुठल्याही शहराचा नंबर घेता येतो.

प्रश्न : नंबर आमच्याच शहराच्या कोडचा होता आणि समोरचा म्हणत होता बँकेतून बोलतोय. कोड जुळतोय म्हटल्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे, आणि हे मनापासून सांगतो कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. कोड जुळला नाही तर ती शंका घ्यायला भक्कम जागा आहे. समोरचा म्हणतो मी इथल्या सरकारी ऑफिसातून बोलतोय आणि नंबर +९२ किंवा +८४ चा, तर विषयच संपला, ठेवून द्या फोन. पण कोड जुळला म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

कारण स्क्रीनवर दिसणारा नंबर हा कॉल पाठवणाऱ्या सिस्टिमने सोबत पाठवलेली माहिती असते आणि वर्षानुवर्षं नेटवर्क ती न तपासताच पुढे ढकलत आली. ती खोटी घालता येते, यालाच स्पूफिंग म्हणतात. मुद्दाम तुमच्याच भागातला कोड दाखवायचा, म्हणजे तुम्ही उचलाल. अमेरिकेत ३० जून २०२१ पासून मोठ्या फोन कंपन्यांना त्यांच्या इंटरनेट नेटवर्कवरच्या कॉलला डिजिटल सही, म्हणजे दिसणारा नंबर खरा आहे का ते तपासता येईल अशी खूण, जोडणं सक्तीचं झालं, भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशातून येऊन +९१ दाखवणारे खोटे कॉल अडवायची यंत्रणा सुरू झाली. फरक पडतो, पण सगळंच अडतं असं धरून चालू नका.

तेव्हा करायचं काय? फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः डायल करायचा. आलेल्या नंबरवर उलट फोन नाही, त्याने मेसेजमध्ये पाठवलेल्या नंबरवर तर नाहीच नाही. ओटीपी कुणालाही नाही, कोड कुठलाही असो. आणि चुकून आलेल्या नंबरवर फोन लावलाच आणि कुणी म्हणालं मी केलाच नाही हो, तर त्याच्यावर चिडू नका, त्याचा नंबर कुणीतरी वापरला असेल, त्या बिचाऱ्याला सकाळपासून असेच फोन येत असतील.

नाव दाखवणाऱ्या ॲपबद्दलही काही जणांनी विचारलंय. तिथलं नाव बऱ्याचदा लोकांनीच दिलेलं असतं, कुणी कुणाचा नंबर काय नावाने सेव्ह केला त्यावरून. 'स्पॅम' असं दाखवलं तर उपयोगी, बँकेचं नाव दाखवलं तर पुरावा नव्हे.

प्रश्न : +८८१ आणि +८८३ हे कुठल्या देशाचे? यादीत सापडत नाहीत.

उत्तर : कुठल्याच देशाचे नाहीत. +८८१ सॅटेलाइट फोनचा, +८८३ देशांच्या हद्दीबाहेर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नेटवर्कचा, तसाच जहाजांवर चालणाऱ्या इनमारसॅटचा +८७०. घरातलं कुणी जहाजावर किंवा दूरच्या मोहिमेवर असेल तर उचला, तो फोन खरा असू शकतो. तसं कुणी नसेल तर मिस्ड कॉल तसाच राहू द्या, कारण या कोडवर उलट फोन करणं फार महागात पडतं.