साक्षीचा कागद

मे-जूनच्या सुमारास नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच चिंता निरनिराळ्या तोंडांनी येऊन बसते: ‘ख्रिस्ती कॉलेजच्या अर्जात साक्ष मागितली आहे आणि माझ्याकडे लिहिण्यासारखे काहीच नाही.’ पालक येथे हमखास दोन गोष्टींची गल्लत करतात. मुंबईत १८३२ पासून चालत आलेल्या विल्सनसारख्या महाविद्यालयात कला किंवा विज्ञान शिकण्यासाठी कोणी साक्ष मागत नाही. तेथे गुण पाहतात, आणि अल्पसंख्याकांची जागा हवी असल्यास ख्रिस्ती असल्याचा पुरावा लागतो. साक्ष मागतात त्या सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी धर्मशिक्षणाची विद्यालये. तेथील बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) या धर्मशास्त्राच्या पदवीसाठी साधारणपणे पदवी, बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकांचे शिफारसपत्र आणि वैद्यकीय दाखला हवा असतो, आणि त्याबरोबर आपण विश्वासात कसे आलो व देवाच्या सेवेसाठी पाचारण कसे झाले हे स्वतः लिहिलेले असावे लागते; हीच ती साक्ष. आधीची कागदपत्रे चार खेपा घातल्या की जमतात. शेवटचा कागद मुलांना माझ्याकडे घेऊन येतो.

बावीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला असाच एक मुलगा सातवा मसुदा घेऊन आला होता. त्यात व्यसन होते, अपघात होता आणि रुग्णालयातील प्रार्थनेनंतरचे परिवर्तन होते.

“हे तुझे आहे?”

“नाही मॅडम. शिबिरात एकाने साक्ष दिली होती, तिच्यावरून लिहिले. माझे पणजोबा शरणपूरच्या मिशन वस्तीतले. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तीन महिन्यांचा होतो. मी कधी प्यायलो नाही, वाया गेलो नाही. मग बदलणार काय?”

मसुदा सुधारून द्यावा अशी त्याची विनंती होती, आणि माझे मराठी बरे असल्यामुळे मोहही झाला. परंतु मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या वाटेने जाणारी आहे. ते स्वतः १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले होते आणि दोन वर्षांनी ती सोडून मानसशास्त्राकडे वळले. समोरच्याचे शब्द त्याच्याच तोंडून येऊ द्यावेत, ही त्यांची शिस्त मला सल्ल्यापेक्षा मोलाची वाटते. मी कागद बाजूला ठेवला.

चौथ्या भेटीत सहज विचारले, “रविवारी सकाळी तू काय करतोस?”

“गीतांचे आकडे लावतो.” चर्चमधील लाकडी फळ्यावर त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक पत्र्याच्या आकड्यांनी लावण्याचे काम अकराव्या वर्षापासून त्याच्याकडे होते. ४ चा एक पत्रा हरवला, म्हणून त्याने पुठ्ठा कापून, काळा रंग देऊन नवा ४ केला होता.

“एकही रविवार चुकला नाही?”

तो बराच वेळ बोलला नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणे मला वीस वर्षांच्या कामानंतर आता जमू लागले आहे.

“बाबा गेले त्या वर्षी मी प्रार्थना सोडली होती. नुसते ओठ हलवायचो. आकडे मात्र लावायचो. आजी फळ्याकडे बघते, चष्मा पुसते आणि पुस्तक उघडते. फळा रिकामा दिसला असता तर तिला कळले असते.” मग त्याने घाईने विचारले, “वर्षभर विश्वास नव्हता असे लिहिले तर घेतील का?”

सात मसुदे हे एक वर्ष झाकण्यासाठी लिहिले गेले होते, हे मला त्या क्षणी उमगले. मी एवढेच म्हटले, “कोर्टात साक्षीदाराला काय विचारतात? त्याने काय पाहिले, हेच ना?”

तेव्हापासून अशा मुलांना मी सांगते की शंका लपवू नका, आणि शिफारसपत्र मागायला जाल तेव्हा ती पाळकांच्या कानावर आधी घाला, कारण ती त्यांना तुमच्या अर्जातून कळणे बरे नव्हे. उसनी साक्ष मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नालाच उघडी पडते. आईवडिलांनी तर पेन हातात घेऊच नये. त्यांनी लिहिलेली साक्ष मला पहिल्या ओळीत ओळखू येते.

पुढच्या भेटीला त्याने दीड पान आणले. पाळकसाहेबांशी बोलून झाले होते. मी पहिले वाक्य वाचले: ‘आमच्या चर्चमधील ४ हा एक आकडा पुठ्ठ्याचा आहे.’ पुढचे न वाचता कागद त्याला परत दिला. वैद्यकीय दाखल्यावर डॉक्टरांचा शिक्का राहिला होता. तेवढा आजच घेऊन ये, असे सांगितले.